इंग्लंडमधलं रो हाऊस विद्यार्थ्यांसाठी वाढवताना: आधी पत्ता, मग जिना, मग टेप

नॉटिंगहॅमचं लेंटन, बर्मिंगहॅमचं सेली ओक, लीड्सचं हेडिंग्ली, मँचेस्टरचं फॅलोफिल्ड. विद्यापीठांच्या आसपासच्या या वस्त्यांमध्ये लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं गल्लीच्या गल्ली उभी आहेत. पुण्या-नाशकात आपण ज्याला रो हाऊस म्हणतो तोच प्रकार, फक्त शंभर-सव्वाशे वर्षं जुना. इथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत हल्ली एक हिशेब सर्रास ऐकू येतो: तीन बेडरूमचं घर घ्यायचं, पुढची बैठक म्हणजे चौथी खोली, माळ्यावर पाचवी, जमलं तर मागे वाढवून सहावी, आणि मग दर खोलीचं भाडं गुणिले सहा.

गुणाकारात चूक काहीच नाही. पण खोल्या किती निघतील हे ठरवण्याआधी घराचा पत्ता आणि जिना पाहावा लागतो. बरेच जण आधी बिल्डरचं कोटेशन घेतात आणि या दोन गोष्टींकडे शेवटी वळतात, तोवर सॉलिसिटरची फी भरून झालेली असते. म्हणून इथला क्रम थोडा वेगळा आहे. सगळे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे वेगळे, तिकडे हा लेख घेऊन जाऊ नका.

पत्ता

इथल्या प्लॅनिंगच्या भाषेत कुटुंबाचं राहतं घर ‘सी ३’ वर्गात येतं. नात्यात नसलेली तीन ते सहा माणसं स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून राहत असतील तर तेच घर ‘सी ४’, म्हणजे छोटं एचएमओ (‘हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन’, नात्यात नसलेली माणसं वाटून राहतात ते घर). सात किंवा जास्त माणसं झाली की ते या वर्गांच्या बाहेर जातं आणि पूर्ण प्लॅनिंग परवानगी लागते. सहावरून सातवर जाणं म्हणजे एक पलंग वाढवणं, असं समजू नका. पहिल्या घरात तरी सातव्या माणसाचा विचार सोडून द्यावा, असं माझं मत आहे.

सी ३ वरून सी ४ ला जायला एरवी अर्ज करावा लागत नाही. मात्र ज्या भागात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ‘आर्टिकल ४’ नावाचं बंधन लावलं आहे तिथे ही सूट जाते आणि रीतसर परवानगी घ्यावी लागते. आणि विद्यार्थ्यांची वस्ती म्हणावी अशा जवळपास प्रत्येक भागात ते लागलेलं आहे. नॉटिंगहॅम आणि लीड्समध्ये २०१२ पासून, सेली ओकच्या परिसरात २०१४ पासून, आणि जून २०२० पासून अख्ख्या बर्मिंगहॅम शहराला. बर्मिंगहॅमचं धोरण असं, की शंभर मीटरच्या परिघात दहा टक्क्यांहून जास्त घरं एचएमओ होऊ नयेत आणि दोन एचएमओंच्या मधे एखादं कुटुंबाचं घर अडकू नये. सेली ओकच्या काही रस्त्यांवर ही मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे. तिथलं कुटुंबाचं घर स्वस्त दिसतं त्याचं हेही एक कारण असू शकतं.

तेव्हा घर पाहायला जाण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आर्टिकल ४ चा नकाशा उघडा, पोस्टकोड टाका. तिथे एचएमओ लायसन्सचं सार्वजनिक रजिस्टरही असतं. त्यात त्याच रस्त्यावरची किती घरं आहेत ते मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एजंट म्हणेल, ‘हे घर आधीपासून विद्यार्थ्यांनाच देतात, काळजी नको.’ अशा वेळी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे घराचा हा वापर कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला, मागा. ते नसेल, तर आर्टिकल ४ लागण्याच्या आधीपासून आजपर्यंतचे भाडेकरार सलग दाखवा म्हणावं. मधली दोन वर्षं घरात कुटुंब राहिलेलं निघालं तर जुना हक्क गेला असण्याची शक्यता असते. हा कागद व्यवहारापूर्वी आपल्या सॉलिसिटरच्या हातात पडला पाहिजे.

प्लॅनिंग आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या खात्यांच्या, आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. पाच किंवा जास्त माणसं, दोन किंवा जास्त ‘हाऊसहोल्ड’, आणि वाटून घेतलेलं स्वयंपाकघर किंवा बाथरूम असेल तर लायसन्स सक्तीचं. पूर्वी तीन मजली घरालाच ते लागायचं; १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. हाऊसहोल्ड म्हणजे कुटुंब: चुलत-मावस भावंडं एकात धरली जातात, मित्र प्रत्येकी वेगळे. कित्येक कौन्सिलांनी तीन-चार माणसांच्या घरांनाही जादा लायसन्स लागू केलं आहे. लायसन्सशिवाय घर चालवलं तर दंड तर आहेच, पण भाडेकरू ट्रायब्युनलकडे जाऊन भाडं परत मागू शकतात. पूर्वी ही मर्यादा बारा महिन्यांची होती, नव्या कायद्याने ती चोवीस महिन्यांवर नेली.

पैशांचं, थोडक्यात

दुसरं घर घेताना स्टॅम्प ड्युटीवर पाच टक्के अधिभार आहे, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून. अडीच लाख पौंडांच्या घरावर नेहमीची ड्युटी २,५०० आणि अधिभार १२,५००, मिळून १५,००० पौंड. मुलगी तिकडे शिकतेय म्हणून भारतात बसून घर घेणाऱ्या आई-वडिलांना अनिवासी म्हणून आणखी दोन टक्के, म्हणजे याच घरावर एकूण २०,०००. शिवाय भारतातून पाठवायच्या पैशाला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, भाडं घेणाऱ्या एजंटने इंग्लंडच्या कर खात्यासाठी कापायचे वीस टक्के, आणि भारतातल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता. दोन्हीकडचा सीए बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राहत्या घराच्या मॉर्गेजवर एचएमओ चालवता येत नाही, त्यासाठी वेगळं मॉर्गेज लागतं. आणि स्वतःच्या नावावर घर असेल तर मॉर्गेजचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून थेट वजा होत नाही, त्यावर फक्त वीस टक्क्यांची करसवलत मिळते. वरच्या कराच्या पट्ट्यातल्या नोकरदाराला हे जबर लागतं.

जिना

आता घराच्या आत. दार उघडल्यावर पहिली नजर जिन्याकडे जाऊ द्या.

या जुन्या घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात पुढचं दार उघडलं की अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला जिना, आणि पुढची-मागची खोली बाजूला. दुसऱ्यात रस्त्यावरून थेट बैठकीतच पाय पडतो, आणि जिना पुढच्या-मागच्या खोलीच्या मधे आडवा, दोन भिंतींच्या पोटात बसवलेला. दुसरा प्रकार दिसायला मोठा वाटतो, बैठक ऐसपैस असते. एचएमओ करायला मात्र पहिलाच चांगला.

कारण आगीचं आहे. रात्री दोन वाजता खालच्या स्वयंपाकघरात आग लागली, तर माळ्यावरच्या खोलीतल्या पोराला दुसऱ्या कुठल्याही खोलीत न शिरता जिना उतरून थेट रस्त्यावर पडता आलं पाहिजे. जिना आणि बोळ हा त्याचा सुटकेचा रस्ता. त्याच्या भिंती, छत आणि त्यावर उघडणारं प्रत्येक दार तीस मिनिटं आग थोपवणारं हवं. ज्या घरात जिना बैठकीत उतरतो तिथे हा रस्ताच तुटतो. मग बैठकीतून पार्टिशन घालून नवा बोळ काढावा लागतो, म्हणजे पुढच्या खोलीचा मीटरभर पट्टा जातो आणि नेमकी जी खोली भाड्याने द्यायची ती अरुंद होते. नाहीतर पाण्याचे फवारे उडवणारी यंत्रणा बसवायची, तिचा खर्च वेगळा आणि तीही कौन्सिलला पटली पाहिजे.

याच कारणाने जी खोली फक्त स्वयंपाकघरातून जाऊन गाठता येते ती झोपायला चालत नाही. या घरांत स्वयंपाकघर मागच्या लांबट भागात असतं आणि त्याच्याही मागे बाथरूम. ‘बाथरूम वर नेऊ, मागे सहावी खोली करू’ ही कल्पना इथेच मरते. त्यापेक्षा मागची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढून एक मोठं, बसायला जागा असलेलं स्वयंपाकघर करा, तेच सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

दारांबद्दल जरा सविस्तर, कारण इन्स्पेक्टर सर्वांत जास्त वेळ दारांपाशी घालवतो. ‘एफडी ३० एस’ म्हणजे तीस मिनिटांचं दार, धूर अडवणाऱ्या पट्टीसह. दाराच्या कडेला किंवा चौकटीत खाच करून एक पट्टी बसवलेली असते, ती उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. तिच्याबरोबरचे बारीक ब्रशसारखे केस गार धूर अडवतात. दार आणि चौकट यांत फट तीन-चार मिलिमीटर, त्याहून जास्त असेल तर फुगणारी पट्टी कमी पडते. बिजागऱ्या तीन. वर आपोआप दार ओढून घेणारा क्लोजर. कुलूप असं, की आतून किल्लीशिवाय, नुसता खटका फिरवून उघडेल. घरातली मूळची चार लाकडी खणांची व्हिक्टोरियन दारं देखणी असतात, पण त्यांच्या पातळ फळ्या एवढा वेळ तग धरत नाहीत. ती काढताना जीव हळहळतो, तरी काढावी लागतात. आणि क्लोजर बसवताना त्याचा जोर नीट जुळवून घ्या. दार धाडकन आपटत असेल तर मुलं त्याखाली बूट अडकवून ठेवतात, मग तीनशे पौंडांचं दार असून नसल्यासारखं.

अलार्म विजेवर चालणारे, बॅटरीची सोय असलेले आणि एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. जिन्याच्या प्रत्येक पातळीवर आणि खोल्यांत धुराचे, स्वयंपाकघरात मात्र उष्णतेचा. तिथे धुराचा अलार्म लावला तर हिंग-मोहरीच्या पहिल्याच फोडणीला सगळं घर जागं होईल, आणि आठवडाभरात कुणीतरी त्याला शॉवर कॅप घालून गप्प करेल. गॅसचा बॉयलर ज्या खोलीत असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा आहे.

टेप

एका माणसाच्या झोपायच्या खोलीला कायद्याने किमान ६.५१ चौ. मीटर, दोघांच्या १०.२२. दीड मीटरपेक्षा कमी उंचीची जागा मोजायचीच नाही, त्यामुळे माळ्याच्या उतरत्या छताखालचा कोपरा हिशेबात धरू नका. आणि हे फक्त कायद्याचं किमान आहे. बऱ्याच कौन्सिलांचा स्वतःचा आकडा याहून मोठा असतो, घरात वेगळी बैठक नसेल तर आणखी मोठा. त्यांची ‘अ‍ॅमेनिटी स्टँडर्ड्स’ नावाची पुस्तिका डाउनलोड करा आणि घर बघायला जाताना बरोबर ठेवा.

घात होतो तो बोळावरच्या छोट्या खोलीत, जिला इथे बॉक्स रूम म्हणतात. समजा ती २.१ मीटर बाय ३ मीटर आहे. झाले ६.३. पलंग बसतो, टेबल बसतं, खोली नांदती वाटते. लायसन्समध्ये ती शून्य. शेजारच्या खोलीचं पार्टिशन दहा सेंटीमीटर सरकवलं तर २.२ गुणिले ३, म्हणजे ६.६, आणि खोली पास. पण जिन्याच्या डोक्यावरचा लाकडी खोक्यासारखा फुगवटा खोलीत आला असेल तर तेवढी जागा पुन्हा वजा. म्हणून एजंटच्या नकाशावर विसंबून न राहता स्वतः लेझरने मोजा, आणि भिंतीवर नवं इन्सुलेशन चढणार असेल तर तेही आधीच वजा करा.

बाथरूम पाच जणांत एक हे किमान. सहा जण असतील तर दोन करायचीच. खोलीला चिकटून बाथरूम दिलं की भाडं चांगलं येतं हे खरं, पण सांडपाण्याचा उभा पाइप घराच्या मागच्या अंगाला असतो. पुढच्या खोलीत बाथरूम काढायचं तर मैला दळून ढकलणारा पंप बसवावा लागतो. तो रात्री घुरघुरतो, आणि त्यात काय काय टाकलं जाईल हे तुमच्या हातात नसतं. मी तरी नको म्हणेन. मागच्या बाजूच्या खोल्यांपुरतंच ते ठेवा. बॉयलरचंही तसंच: नेहमीचा कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय, लागेल तसं पाणी तापवणारा) सकाळी आठला एकाच वेळी चालू असलेल्या दोन शॉवरना पुरत नाही. सहा माणसांच्या घरात गरम पाण्याची दाबाची टाकी हवी.

बांधकाम

माळ्यावर खोली काढताना मधल्या रो हाऊसला प्लॅनिंगशिवाय छताचं आकारमान चाळीस घनमीटरपर्यंत वाढवता येतं, मागे एकमजली वाढ तीन मीटरपर्यंत. संरक्षित वस्ती असेल किंवा आधीच्या मालकाने त्यातलं काही वापरलं असेल तर गणित बदलतं. प्लॅनिंग लागलं नाही तरी बिल्डिंग कंट्रोल, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालं का याची तपासणी, लागतंच. काम संपल्यावर त्यांचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता देऊ नका.

शेजाऱ्यांच्या भिंती म्हणजे तुमच्याच भिंती. माळ्याची तुळई सामाईक भिंतीत खोचायची असेल, जुनी चिमणी काढायची असेल, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन्ही बाजूंना दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. पाया खणायचा असेल तर एक महिना. शेजाऱ्याने चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही तर वाद आहे असं धरून सर्व्हेअर नेमावे लागतात आणि त्यांची फी साधारणपणे तुमच्यावर येते. नोटीस पोस्टाने टाकण्याआधी दार वाजवून बोलून या. बाजूच्या आजीबाई चाळीस वर्षं तिथे राहत असतात, त्यांना ‘विद्यार्थी’ या शब्दाचीच धास्ती असते. त्यांच्या बाजूच्या भिंतीला आवाज अडवणारं अस्तर लावणार आहोत हे सांगितलंत आणि खरंच लावलंत, तर पुढची कित्येक भांडणं टळतात. नऊ इंची विटांच्या भिंतीतून बोलणं नाही तरी गाण्याचा ठोका आरपार जातो.

मधल्या घराला मागून वाट आहे का तेही बघा. नसेल तर प्रत्येक वीट, प्रत्येक प्लास्टरबोर्ड पुढच्या दारातूनच आत जाणार आणि राडारोडाही तिथूनच बाहेर येणार. रस्त्यावर राड्याचा कंटेनर ठेवायला परवाना लागतो.

तोडफोडीच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. छतावरच्या जुन्या नक्षीदार लेपात ते असू शकतं. वायरिंगची तपासणी भिंती उघड्या आहेत तोवर उरका, दर पाच वर्षांनी तिचा अहवाल लागतोच. गॅसचा दरवर्षी. घराच्या ऊर्जावापराचा दाखला किमान ‘ई’ श्रेणीचा, पण काम काढलंच आहे तर ‘सी’पर्यंत न्या. या घरांच्या बाहेरच्या भिंती भरीव, पोकळी नसलेल्या. सहा जणांचे ओले कपडे आणि आंघोळीची वाफ त्यांच्यावर बसली की पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी येते. दमटपणा ओळखून आपोआप चालू होणारे पंखे बाथरूममध्ये बसवा, स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर टाकणारा असू द्या, आणि कपडे वाळवायला एक जागा मुद्दाम ठेवा.

भाडेकरू

शैक्षणिक वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. घर तोवर तयार नसेल तर वर्ष बुडालं असंच समजायचं. प्लॅनिंगच्या निर्णयाला नेमून दिलेले आठ आठवडे, पार्टी वॉलचे दोन महिने, त्यानंतर बांधकाम; उलटं मोजत गेलात तर आदल्या शरदात घर ताब्यात हवं.

करारांचं सगळं चित्र भाडेकरूंच्या हक्कांच्या नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून बदललं आहे. ठरावीक मुदतीचे करार गेले. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो, आणि सगळ्यांचा मिळून एकच करार असेल तर एकाच्या नोटिशीने अख्खा करार संपतो. मालकाला कारण दिल्याशिवाय घर रिकामं करून मागता येत नाही. विद्यार्थ्यांच्या एचएमओसाठी ‘ग्राउंड ४ ए’ नावाची एक वेगळी वाट ठेवली आहे: चार महिन्यांची नोटीस, आणि घर १ जून ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान परत. तिला तीन अटी आहेत. सगळे पूर्णवेळ विद्यार्थी हवेत, ही वाट वापरणार असल्याचं करार करतानाच लेखी कळवलेलं हवं, आणि करार राहायला येण्याच्या सहा महिन्यांहून आधी केलेला नको. शेवटची अट जुन्या सवयीला आडवी येते, कारण इथे नोव्हेंबरातच पुढच्या वर्षीची घरं ठरायची. १ सप्टेंबरला मुलं यायची असतील तर १ मार्चच्या आधी सह्या घेऊ नका.

याच कायद्याने आगाऊ भाड्यावर एक महिन्याची मर्यादा आली. आपल्याकडून येणाऱ्या मुलांना ही बाब थेट लागते. इंग्लंडात जामीन राहणारं कुणी नसलं की ती सहा-सहा महिन्यांचं भाडं आधी भरून खोली मिळवत. आता मालकाला ते मागता येत नाही. अशा मुलाला खोली देणार असाल तर जामिनाची हमी देणाऱ्या कंपन्यांपैकी कोणती तुम्हाला चालेल हे आधी ठरवून जाहिरातीतच लिहा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याइतकंच, तेही तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा. इंग्लंडात भाड्याने राहण्याच्या कायदेशीर हक्काची (व्हिसा वगैरेची) तपासणी सगळ्यांची सारख्याच पद्धतीने करा. नाव मराठी दिसलं म्हणून सोडू नका, परकं दिसलं म्हणून जास्त विचारू नका.

मुलं आत आल्यावर: व्यवस्थापकाचं नाव, पत्ता, फोन बोळात लावलेला हवा, तो नियमच आहे. कचऱ्याच्या डब्यांचे वार मोठ्या अक्षरांत त्याच्याच शेजारी. बोळात सायकली नकोत, तो सुटकेचा रस्ता आहे. त्यांच्यासाठी मागे खांब ठोकून द्या. प्रत्येकाकडून विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं पत्र घेऊन कौन्सिलला पाठवा. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तरच कौन्सिल टॅक्स माफ होतो. खोलीवार करार असतील तर तो भरायची जबाबदारी मालकाची असते, म्हणून अभ्यासक्रम संपवून नोकरीला लागलेला एक जण जुलैत ‘अजून दोनच महिने राहतो’ म्हणाला, तर त्या दोन महिन्यांचं बिल कुणाच्या नावावर येणार हे त्याला हो म्हणण्याआधी बघा.